ग्लोव्हज परत पाठव

९ ऑक्टोबर

बेडकी,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेलच. विसरले नाही, मुद्दामच लिहिलं नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहायचं कारण तुझी कालची मुलाखत. टीव्ही मी लावला नव्हता, आईने लावला होता. मी फक्त त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या बाईंनी विचारलं, “इतकं सुंदर कीपिंग तुम्हाला कुणी शिकवलं?” आणि तू टोपी सारखी करत, गोड हसून म्हणालीस, “असं कुणी शिकवलं नाही. आपोआप येत गेलं.”

आपोआप दूध नासतं, बाई. आपोआप केस गळतात. फिरकीला स्टंपांना चिकटून बसायचं, नाकासमोरून बॅट फिरत असताना पापणी लवू द्यायची नाही, आणि चेंडूने टप्पा घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे आपोआप येत नाही. बाबांच्या दुकानामागच्या गल्लीत, जिथे फाटके सोफे आणि खुर्च्यांचे सांगाडे भिंतीला टेकवलेले असायचे, तिथे तुझ्या डोक्यावर सोफ्याची उशी ठेवून चेंडू कोण टाकायचं? चेंडू जमिनीला लागायच्या आत उशी पडली, की तुला गल्लीच्या टोकापर्यंत बसल्या बसल्या उड्या मारत जावं लागायचं. बाबा ओठांत खिळे धरून मागच्या दारातून बघायचे आणि म्हणायचे, “ही बघा आमची बेडकी!” आता ते नावसुद्धा आपोआप पडलं म्हणशील. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण पुढे तू किट बॅग उघडलीस. चार कोरे जोड बाजूला सारून तळातून एक जुना जोड काढलास आणि कॅमेऱ्यासमोर धरून म्हणालीस, “आणि हे माझे लकी ग्लोव्हज.”

माझे?

उजव्या अंगठ्यावर सोफ्याच्या लाल रेक्झिनचं ठिगळ, आणि त्याला हिरवा दोरा. त्या दिवशी बाबांकडचा लाल दोरा संपला होता, म्हणून हिरवा. हा जोड कुणाचा आहे ते तुला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, आणि घड्या घालता घालता मी आईच्या चादरीला जे पिळे दिले त्यावरून आईलाही आठवलं असावं.

तुला आठवण नसेल तर करून देते. तेव्हा देशाच्या वीस षटकांच्या संघाची कीपर मी होते आणि राखीव कीपर तू. आपल्याकडची जुनी रीत अशी, की पहिल्या कीपरचे नवे कडक ग्लोव्हज राखीव कीपरने सरावात घालून मऊ करून द्यायचे. त्यामुळे राखीव पोरीचे स्वतःचे ग्लोव्हज कायम पुठ्ठ्यासारखे राहतात. माझ्या उजव्या हाताची तर्जनी मोडली, मी त्याच संध्याकाळी फिजिओबाईंना खरं ते सांगितलं, आणि तू माझ्या खोलीत येऊन म्हणालीस, “ताई, माझे अजून वळत नाहीत गं. तुझे दे ना. एका मॅचपुरते.”

दिले. त्या मॅचमध्ये तू सत्तर धावा ठोकल्यास. पुढच्या मॅचमध्ये पन्नास. बोट बरं झाल्यावर मी तुझ्या खोलीच्या दाराशी आले, दार ठोठावलं, आणि तू आतून म्हणालीस, “ताई, अजून एकच मॅच.” दार उघडलं नाहीस. बेडकी, जागा गेली त्याचं मी समजू शकते. ती निवड समितीने काढून घेतली. अध्यक्षांनी फोन करून मला सांगितलं, “सध्या गाडी रुळावर आहे, कशाला रूळ उखडायचे?” पण ते दार अध्यक्षांनी लावलं नव्हतं.

आईकडून तुमच्या हॉटेलचा पत्ता घेतला आहे. फोन न करता पत्र अशासाठी, की यात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

ग्लोव्हज परत पाठव.

तुझी बहीण
(याला माझा इलाज नाही)


१४ ऑक्टोबर

बेडकी,

उत्तर पोचलं. चार ओळी, त्यातल्या दोन आईच्या गुडघ्यांबद्दल.

तुझं म्हणणं असं, की तू “ताई सोडून कुणी शिकवलं नाही” म्हणाली होतीस आणि चॅनेलवाल्यांनी पहिले दोन शब्द कापले. कात्रीसुद्धा किती हुशार, इतक्या लांबलचक मुलाखतीत नेमकी त्याच दोन शब्दांवर पडली! बरं, कापले असतील. मग दुसऱ्या दिवशी उठून म्हणायचं होतंस, की कापले. तुझ्या केसांच्या तेलाबद्दल चुकीचं छापलं होतं तेव्हा तू खुलासा केला होतास, तो मी वाचला आहे.

आणि ग्लोव्हज “स्पर्धा संपली की देते, आत्ता लागतात” म्हणजे काय? चार कोरे जोड बॅगेत आहेत. लागतात कशाला?

मॅच मी बघत नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये टीव्ही आहे आणि माझं टेबल त्याच्यासमोर आहे, एवढाच काय तो संबंध. गणिताचे सर मुद्दाम आवाज मोठा करतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, “मॅडम, आज तुमच्या बहिणीने काय फटके मारले!” फटके. कुणी फटक्यांवाचून बोलतच नाही. परवा ती समालोचक म्हणाली, “तिची खरी ताकद फलंदाजी, कीपिंग तर ती करतेच.” करतेच म्हणजे? कपडे वाळत घालावेत तसं? त्याच षटकात लेगस्टंपच्या बाहेर गेलेला चेंडू, बॅटिंग करणाऱ्या बाईच्या पायांआड पूर्ण दिसेनासा झालेला, तू पकडून बेल्स उडवल्यास. स्टाफरूममध्ये कुणी मान वर केली नाही, कारण बाई एक यार्डाने बाहेर होती आणि सगळ्यांना ते सोपं वाटलं. तो चेंडू न दिसता पकडायला किती वर्षं लागतात ते मला विचारा म्हणावं. त्या सगळ्यांना आमच्या गल्लीत आणून डोक्यावर उशी ठेवून बसवायला हवं.

माझा चहा निवला, तो निवलाच.

आता तुझ्या चुका. मॅच बघत नसले तरी चुका दिसतात. एक, तू पाय फार सरकवते आहेस. चेंडू डाव्या हाताला आला, की दोन पावलं डावीकडे जाऊन तो उजव्या पंजात घेतेस. हा नखरा कधीपासून? डावा पंजा काय शोभेला ठेवला आहेस? दोन, झेल घेतल्यावर सगळ्या पोरी टाळी द्यायला येतात तर तू कोपर पुढे करतेस. माणसाने आपल्या सख्यांना कोपर दाखवू नये.

आणि तीन, कॅमेरा जवळ आला तेव्हा मला हिरवा दोरा दिसला. म्हणजे तू ते नुसते बॅगेत मिरवत नाहीस, मैदानात घालते आहेस! तुमच्या तिसरीने, म्हणजे त्या नव्या राखीव पोरीने, महिनाभर घालून तुझा नवा जोड लोण्यासारखा केला असेल. तो सोडून माझा फाटका जोड? लोकांना लकी वगैरे सांग. मला कारण सांग.

परत पाठव.

तुझी मोठी बहीण
(मोठी मी आहे, हे त्या मुलाखतीत सांगायचं राहिलं)


१८ ऑक्टोबर

बेडकी,

कालची मॅच मी बघितली. घरी, टीव्हीसमोर बसून, स्वतः लावून. झालं समाधान?

शेवटचा चेंडू. त्यांना बरोबरीला एक धाव हवी. अशा वेळी चेंडू बॅटला लागो न लागो, दोघी पळणारच, म्हणून कीपर आधीच उजवा ग्लोव्ह काढून ठेवते. मोकळ्या हाताने फेक अचूक होते. गल्लीत हेही आपण शंभरदा केलं आहे. डाव्या हाताने उजव्याची बोटं धरायची, ओढायचा, मागे टाकायचा. पापणी लवते तेवढं काम.

तू तो दातांनी ओढलास.

समालोचक हसली. म्हणाली, “बघा वाघीण कशी दात विचकतेय!” चेंडू बॅट चुकवून आला, तू तो घेतलास, फेकलास, स्टंप उडाला, आपण एका धावेने जिंकलो. आई उठून टाळ्या वाजवायला लागली. सगळा देश नाचला असेल. मी जागची हलले नाही. कारण चेंडू हातात आला त्या क्षणी तुझा चेहरा मला दिसला, आणि तो चेहरा मी याआधी एकदा बघितला आहे, आरशात.

तुझ्या डाव्या हाताचं बोट मोडलंय. अनामिका. आता सगळं समजलं. पाय सरकवणं नखरा नव्हता, कोपर पुढे करणं मस्ती नव्हती. आणि नव्या ग्लोव्हजमध्ये पट्टी बांधलेलं सुजकं बोट शिरत नाही. कितीही मऊ केले तरी नाही. शिरतं ते फक्त माझ्या जुनाट, सैल झालेल्या जोडात. म्हणून “आत्ता लागतात.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मोडक्या बोटांची मूठ कशी गं झाकतेस? आणि मोठमोठ्या पगाराची ती सगळी माणसं, फिजिओबाई, ट्रेनर, कोच, कॅप्टन, स्लिपमधून रोज तुला बघणाऱ्या पोरी, कुणाच्या म्हणून लक्षात येत नाही? का येतंय, पण गाडी रुळावर आहे? मला इतका संताप आलाय की पेन कागदातून आरपार जातंय. मागच्या बाजूला लिहिता येणार नाही.

तू का लपवते आहेस ते मला कुणी सांगायला नको. तिसरी बाकावर बसली आहे, षटकारही मारते म्हणे. सांगितलंस तर जागा गेली. तुझ्याइतकं हे कुणाला ठाऊक? मी खरं सांगितलं तेव्हा माझं काय झालं ते तू पहिल्या रांगेत बसून बघितलंस. म्हणजे हे मात्र मीच तुला शिकवलं. बोट मोडलं तर तोंड उघडू नये. पुढच्या मुलाखतीत हे सांग, कापणार नाहीत.

माझं बोट सरळ जुळलं. डॉक्टरांनी कौतुक केलं. सुरेख बोट आहे. त्याने मी खडू धरते, शिट्टी धरते, पोरींना “रांगेत उभ्या राहा” म्हणून दाखवते. देशासाठी खेळायचं सोडून बाकी सगळं त्याने करता येतं. तुझं वाकडं जुळेल किंवा जुळणारच नाही, आणि मग एक दिवस बॅटही धरता येणार नाही. सांगितलंस तर जागा जाईल, नाही सांगितलंस तर हात जाईल. असला सौदा पोरींच्या पुढ्यात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं, मला शब्द सापडत नाहीत. सापडतात, पण हे पत्र हॉटेलच्या काउंटरवरून जाणार आहे.

उपांत्य सामना बावीसला आहे. ग्लोव्हज परत पाठव. आधी दोनदा लिहिलं ते रागाने लिहिलं होतं. हेही रागानेच लिहिते आहे, पण राग वेगळा आहे.

ताई


२० ऑक्टोबर

बेडकी,

आईने आज सगळं कबूल केलं. म्हणजे तिला माहीत होतं! तू फोनवर तिला विचारलंस ना, “ताईला टीव्हीवरून दिसलं कसं?” आणि आई ते मला कौतुकाने सांगायला आली. मी विचारलं, “आई, तुला कधी कळलं?” तर म्हणते, “भाजी करपेल,” आणि आत गेली. भाजी निवडून व्हायची होती अजून.

मग मी दुकानात गेले. बाबा मशीनवर होते, एका खुर्चीच्या गादीची खोळ शिवत. बाजूला स्पंजचे तुकडे पडले होते. त्यातला एक बोटाच्या आकाराचा, आतून पोकळ. मी तो उचलला.

“हे काय आहे?”

बाबांनी ओठातले खिळे काढून वाटीत ठेवले. सगळे. एकेक करून. मोठं काही बोलायचं असलं की ते असंच करतात.

“नमुना. पहिला जरा जाड झाला होता. दुसरा पाठवला तिला.”

“बाबा, पोरीच्या मोडक्या बोटाला तुम्ही खोळ शिवून पाठवलीत? ती काय खुर्ची आहे?”

“तिने मागितली. मी शिवली. तुला ठिगळ हवं होतं तेव्हा तुलाही शिवलं.”

“माझा ग्लोव्ह फाटला होता! तिचं हाड मोडलंय! तुम्ही तिला सांगायचं होतं, की जा आणि डॉक्टरला दाखव.”

“सांगणार होतो,” बाबा म्हणाले. “तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, कुठल्या तोंडाने सांगू? तू दाखवलं होतंस. त्यानंतर सहा वर्षं या घरात एका टेबलाशी चौघं जेवायला बसलेलो नाही. तू घरात असलीस की ती येत नाही, ती यायची म्हटली की तुला शाळेत काम निघतं. खरं सांगितल्यावर काय होतं ते मी रोज ताट वाढून घेताना बघतो, मोठे. परत तेच कर, असं धाकटीला सांगायचं धाडस नाही झालं माझं.”

मला खूप बोलायचं होतं. मी म्हणाले, “म्हणजे चूक माझी?”

“चूक तुझी नाही. तिची थोडी आहे. बाकी सगळी त्या गाडीवाल्यांची आहे. पण ते काही माझ्या दुकानात येत नाहीत, मी रागवू कुणावर?” आणि त्यांनी मशीन चालू केलं.

बेडकी, बाबांना रागावताना मी कधी बघितलं नाही. आजही बघितलं नाही. पण त्यांनी ती खोळ इतकी तिरकी शिवली, की संध्याकाळी सगळी उसवून पुन्हा घालावी लागली. बाबांच्या हातून तिरकी शिवण मी जन्मात पाहिलेली नाही.

माझं आधीचं पत्र तुला मिळालंय, हे त्या फोनवरून कळलंच. त्यात लिहिलं तेच. दुसरं काही नाही.

ताई


२३ ऑक्टोबर

बेडकी,

ग्लोव्हज पोचले.

कुणी मागितले होते?

हो, मी मागितले होते. तीन-तीनदा. सहा वर्षं मागितले असते तर सहा वर्षं दिले नसतेस, आणि आता एका पत्रासरशी कुरिअर? एवढी आज्ञाधारक कधीपासून झालीस? मी गल्लीत ओरडून ओरडून घसा बसवायचे तेव्हा ऐकायची नाहीस.

काल सकाळी पार्सल आलं तेव्हाच मला कळलं, कारण तुझं बोट दुसऱ्या कुठल्याच ग्लोव्हमध्ये शिरत नाही. ते दिलेस म्हणजे खेळायचं सोडलंस. दुपारी बातम्यांत सांगितलं, की उपांत्य सामन्याच्या सकाळी तू आपणहून फिजिओबाईंकडे गेलीस, बोटाला दोन ठिकाणी चीर आहे, प्लॅस्टर घातलं. कालची मॅच तिसरी खेळली. तुझा नवा जोड घालून खेळली, तिचे स्वतःचे पुठ्ठ्यासारखे असणारच. आणि चाळीसच्या वर धावा केल्या. समालोचकबाईंचा आवाज ऐकलास? तिसरीचं तिसरं षटक होतंय न होतंय तोच “भविष्य”, “नवी पहाट”, “नैसर्गिक गुणवत्ता”! परवापर्यंत तू वाघीण होतीस. काल तुझं नाव एकदा घेतलं, तेही दुखापतींच्या यादीत, एका गोलंदाजाच्या मांडीनंतर.

गणिताचे सर म्हणाले, “मॅडम, तुमच्या बहिणीची उणीव काही भासली नाही हो.” मी त्यांना जे सांगितलं त्याबद्दल मुख्याध्यापकांनी मला उद्या बोलावलं आहे.

तू खरं सांगितलंस. मी सांगितलं तेव्हा मला पुढचं माहीत नव्हतं. तू सगळं माहीत असून सांगितलंस. माझ्यापेक्षा तू बरी, हे लिहायला फार जड जातंय, म्हणून एकदाच लिहिते.

ठिगळाला अजून आपल्या दुकानाचा वास येतो. मी रडले. रागाने.

ताई


२७ ऑक्टोबर

प्रिय बेडकी,

‘प्रिय’ सवयीने पडलं. खोडायला वेळ नाही.

कप जिंकलात, अभिनंदन. अंतिम सामना आम्ही तिघांनी बसून बघितला. बाबांनी दुकान बंद ठेवलं आणि ग्लोव्हज टीव्हीसमोर टेबलावर ठेवले होते, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिसरीने धावा फार केल्या नाहीत, पण लेगस्टंपबाहेरचं ते स्टंपिंग! पोरगी उठली नाही गं टप्प्याआधी. उशी ठेवली असती तर पडली नसती. कुणी शिकवलं तिला? आपोआप म्हणू नकोस.

जिंकल्यावर सगळ्या पोरी कॅप्टनच्या अंगावर पडल्या. तिसरी पडली नाही. ती सगळं मैदान ओलांडून सीमारेषेपाशी, तू प्लॅस्टर मांडीवर घेऊन बसली होतीस तिथे आली, हातातले ग्लोव्हज काढले आणि तुझ्या मांडीवर ठेवले. मगच वळून पळाली. कॅमेऱ्याने ते उगाच दोन क्षण दाखवलं आणि परत फटाक्यांवर गेला. समालोचकबाईंना तिथे बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

मॅच संपली की ग्लोव्हज ज्याचे त्याला. एवढंच तर म्हणणं होतं माझं. तू तोंड झाकून घेतलंस ते मी बघितलं. का झाकलंस ते मला कळलं.

आणि मग अध्यक्ष आले. तेच. केस पांढरे झालेत, जीभ तीच आहे. विचारलं, “बोट बरं झाल्यावर पहिली कीपर संघात परत येणार का?” हसत म्हणतात, “सध्या गाडी रुळावर आहे, कशाला रूळ उखडायचे?” शब्द न् शब्द तोच! सहा वर्षांत नवं वाक्यसुद्धा शोधावंसं वाटलं नाही त्यांना. मी उठायच्या आत बाबा उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, मग त्याचं बटण बंद केलं, मग भिंतीतून वायर उपटली, आणि ती हातात धरून खोलीच्या मध्यावर उभे राहिले. म्हणाले, “दोन पोरी दिल्या मी यांना. दोन.” आई म्हणाली, “अहो, बसा.” ते बसले नाहीत.

म्हणून आता नीट ऐक. मी एकदा गप्प घरी आले आणि सगळा राग तुझ्या दारावर काढला. त्यांना काय, फुकटात सुटले. या वेळी सुटणार नाहीत. तुझी जागा तुला कुणी आणून देणार नाही आणि तिसरीकडून हिसकावून घ्यायची नाही, ती पोर गुणी आहे. जागा इतकं चांगलं खेळून घ्यायची, की त्या माणसाला रूळ उखडताना सगळ्यांनी बघावं. प्लॅस्टर निघालं की थेट इकडे ये. गल्लीतले सोफे बाबांनी आजच आत घेतले आहेत. चेंडू मी टाकेन, उशी बाबा नवी शिवताहेत. मुख्याध्यापकांनी मला काही दिवस सक्तीची रजा दिली आहे, गणिताच्या सरांच्या कृपेने. आई चार ताटं घेणार आहे, मला शाळेत काहीही काम नाही.

दार ठोठावत बसू नकोस. मागचं दार उघडं असतं.

आणि ग्लोव्हज. आज घालून बघितले. डावी अनामिका बाबांच्या खोळीने इतकी सैल झालीय, की माझं बोट आत नुसतं हलतं. माझ्या काही उपयोगाचे नाहीत. पण म्हणून ते तुझे झाले असं समजू नकोस. पाठवणार नाही. स्वतः येऊन, माझ्यासमोर उभी राहून माग, मी देईन.

एका मॅचपुरते.

ताई